थंडीतला वाढदिवस, छपराखालची सहल

डिसेंबर-जानेवारीत वाढदिवस येणाऱ्या लहान मुलांच्या पालकांची या वेळी बरीच पत्रं आली. घरात गर्दी नको, बाहेरचा गारठा नको, पण मुलाला कुठेतरी न्यायचं आहे, असा बहुतेकांचा सूर आहे. त्यातली काही पत्रं आणि आमची उत्तरं.

प्रश्न : आम्ही शिकागोजवळ नेपरविलला राहतो. मुलगी १८ जानेवारीला ४ वर्षांची होईल. बाहेर उणे १० सेल्सिअस असतं. अपार्टमेंट लहान आहे आणि ९ मुलांना बोलवायचं मनात आहे. मैत्रिणी ट्रॅम्पोलीन पार्क सुचवतात. दुसरं काही जमेल का? तयारी काय काय करावी?

उत्तर : ट्रॅम्पोलीन या वयाला नकोच. अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही ६ वर्षांखालच्या मुलांना त्यावर सोडू नये असाच आहे. एकाच जाळीवर १५ किलोचं मूल आणि ४० किलोचा मुलगा उड्या मारत असले, की मोठ्याच्या वजनाने ताणलेली जाळी नेमकी लहानगं खाली येत असताना उसळते. तो सगळा दणका लहान पायावर बसतो आणि गुडघ्याखालचं हाड मोडतं. मूल पडलेलंही नसतं, नुसतं जाळीवर उतरलेलं असतं. ‘लहानांचा वेगळा कोपरा आहे’ असं सांगतात, पण शनिवारी दुपारी तिथे मोठी मुलं शिरतातच.

आमची पहिली सूचना आकड्याची आहे. ९ नको, ४ पाहुणी मुलं बोलवा. तुमची मुलगी धरून ५ होतील. चार वर्षांचं मूल एका वेळी दोघा-तिघांशीच खेळतं, बाकीची मुलं मोठ्यांनाच सांभाळावी लागतात.

जागा म्हणाल, तर गारफील्ड पार्क कॉन्झर्व्हेटरी. १९०८ साली उघडलेलं हे प्रचंड काचघर शिकागोच्या पश्चिम भागात आहे. प्रवेशाला पैसे पडतात का आणि वेळ आधी आरक्षित करावी लागते का, हे निघण्याआधी बघून घ्या. बाहेर सगळं पांढरं-करडं असताना आत पाऊल टाकताच ओली, उबदार हवा आणि मातीचा वास येतो. जानेवारीत दोन महिने घरात कोंडलेल्या मुलांना याहून मोठी भेट आम्हाला सुचत नाही. नेच्यांच्या दालनात पाण्याचं तळं आहे, वाळवंटी दालनात निवडुंग आहेत, एका दालनात चक्क ऊस उभा आहे. मुलांसाठी आत वेगळी बागही आहे.

नुसतं ‘बघा, किती छान झाडं’ म्हटलं तर चार वर्षांचं मूल सात-आठ मिनिटांत कंटाळतं. म्हणून जाड कागदाची चार चित्रं करून ठेवा : ऊस, निवडुंग, नेचा, पाणी. प्रत्येक मुलाच्या हातात चारही द्या. सापडलं की त्यावर टिकली चिकटवायची. चारच ठेवा. दहा चित्रं दिली की पाचव्यानंतर कुणाला रस राहत नाही आणि टिकल्या कपाळावर जातात. निवडुंगांच्या दालनात मात्र प्रत्येक मुलाचा हात मोठ्याच्या हातात हवा.

दिवसाची आखणी अशी करा. सकाळी ८ वाजता घरी आंघोळ आणि औक्षण. निरांजन बाहेरच्या कुठल्याही सभागृहात लावू देणार नाहीत, धुराचे अलार्म वाजतात, म्हणून हा विधी घरीच उरकलेला बरा. शिवाय व्हिडिओ कॉलवरच्या आजीआजोबांकडे तेव्हा संध्याकाळ असते, त्यांनाही सोयीचं पडतं. साडेआठला पोटभर नाश्ता. सव्वानऊला निघा, दहाला आत. सव्वाअकरानंतर एक मिनिटही थांबू नका, मुलं ‘अजून थोडं’ म्हणत असतील तरी. त्या ‘थोड्या’तच रडारड सुरू होते. बाराला घरी मऊ खिचडी, केक, आणि सव्वाला पाहुणे आपापल्या घरी. दुपारी झोपणारी मुलं गाडीत दहा मिनिटं डुलकी काढतात आणि मग घरी झोपत नाहीत. त्यामुळे परतताना गाणी म्हणा, खिडकीतले ट्रक मोजा, काहीही करून जागं ठेवा. मात्र गाडीत खायला देऊ नका. मागच्या सीटवर घास अडकला तर चालवणाऱ्याला कळत नाही.

प्रत्येक मूल आपापल्या घरच्या गाडीतून, आपापल्या कार सीटवर येऊ दे. आणि ही गोष्ट सगळ्या पालकांना आधी लिहून कळवा : फुगीर जाकीट घालून मुलाला पट्टे लावू नका. जाकिटात हवा असते. धक्का बसला की ती दबते, पट्टे ढिले पडतात आणि मूल त्यातून निसटू शकतं. खात्री करायची असेल तर जाकिटासकट मुलाला बसवून पट्टे नीट आवळा. मग पट्टे तसेच ठेवून मुलाला बाहेर काढा, जाकीट उतरवा आणि पुन्हा बसवून तेच पट्टे लावा. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरता आला, तर ते जाकीट गाडीत चालणार नाही. अंगात पातळ लोकरी थर ठेवा, पट्टे लावा आणि जाकीट उलटं करून पुढून हातात घाला.

काचघरात वीसेक अंश तापमान असतं. आत शिरल्याबरोबर कोट, टोपी, मोजे सगळं उतरवावं लागतं आणि पाच मुलांचं मिळून मोठं गाठोडं होतं. प्रत्येक मुलासाठी नाव घातलेली एक मोठी पिशवी न्या. हातमोजे कोटाच्या बाहीत खोचा, नाहीतर निघताना एक मोजा हमखास कमी भरतो. बर्फाचे बूट ओले असतात, म्हणून हलके बूट वेगळे घ्या. आत आतल्या थरावर घाम आला आणि तसंच मूल उणे १० मध्ये बाहेर पडलं तर ते कुडकुडतं, त्यामुळे सुती बनियनचा एक कोरडा जोड हवाच. चष्मा आणि कॅमेऱ्याची भिंग आत शिरताच धुकटतात. दहा मिनिटं तशीच ठेवा, लगेच पुसू नका.

फुगे गाडीतून नेणार असाल तर थोडा विचार करा. दुकानात २० अंशांना भरलेला फुगा उणे १० मध्ये आला की आतला वायू दहा टक्क्यांच्या आसपास आकसतो. फुगा मलूल दिसतो, पण घरात आणल्यावर पुन्हा ताठ होतो. तो थंडीत असताना ‘कमी भरला’ म्हणून वर आणखी वायू भरून घेतला, की घरात आल्यावर फुटतो. रबरी फुग्यांचे तुकडे लहानांच्या घशात अडकतात, अमेरिकेत तर पाकिटावरच ८ वर्षांखालच्या मुलांसाठी इशारा असतो. फुटलेला प्रत्येक तुकडा तिथल्या तिथे उचला.

केकचंही तेच. डिकीत रात्रभर राहिलेला बटरक्रीमचा केक दगड होतो. साखरेच्या पिठाचं आवरण असलेला केक थंडीतून एकदम उबेत आणला तर त्याला घाम फुटतो आणि रंग ओघळतात. केक खोक्यातच बंद ठेवून तासभर घरात राहू द्या, दव खोक्यावर बसेल, केकवर नाही. ५ मुलं आणि १० मोठे धरले तर एक किलो पुरतो. लहानांना ५० ग्रॅमचा तुकडा खूप होतो. सोबत द्राक्षं ठेवणार असाल तर उभी चार तुकड्यांत चिरा. पॉपकॉर्न आणि अख्खे दाणे ताटात नकोत.

शेवटची दोन व्यवधानं. निमंत्रणातच बर्फाच्या वादळासाठी दुसरी तारीख लिहा, म्हणजे आदल्या रात्री फोनाफोनी होत नाही. आणि उलट्या-जुलाब झालेल्या मुलाला, ते थांबल्यापासून ४८ तास घरीच ठेवावं, हेही स्पष्ट लिहा. हिवाळ्यात उलट्यांचा जो विषाणू फिरतो त्याच्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण आणि पाणीच लागतं. केकआधी पाचही मुलांना नळापाशी उभं करा.

नऊच मुलं बोलवायची असं ठरलंच असेल तर काचघर सोडा. तुमच्या गावातलंच ड्यूपेज चिल्ड्रन्स म्युझियम त्या संख्येला बरं. वाढदिवसासाठी खोली मिळते का, बाहेरचा केक चालतो का, हे आजच विचारा. जानेवारीतले शनिवार लवकर भरतात.

प्रश्न : पुण्यात कोथरूडला राहतो. मुलगा डिसेंबरात ३ वर्षांचा होतोय. आगगाड्यांचं वेड आहे. थंडीत सकाळी छातीत घरघर होते, म्हणून उघड्यावर नको. मॉलमधला प्ले झोन एकदा केला, तिथल्या आवाजाने तो कान झाकून बसला. सोबत आजीआजोबा असतील.

उत्तर : तुमच्या घराजवळच कर्वे रस्त्याच्या बाजूला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. या मुलासाठी पुण्यात याहून योग्य जागा नाही. एका खोलीत अख्खं छोटं शहर मांडलेलं आहे : वाफेची, डिझेलची, विजेची इंजिनं, खरोखर वरखाली होणारे सिग्नल, उड्डाणपूल, रोपवे. कार्यक्रम सुरू झाला की गाड्या एकेक करून धावतात, मग दिवे मंद होऊन शहर रात्रीचं होतं. सगळं अर्ध्या तासाच्या आत आटोपतं, म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या सहनशक्तीत बरोबर बसतं.

आधी फोन करून तीन गोष्टी विचारा. त्या दिवशीची वेळ, कारण वारानुसार ती बदलते. शाळेची सहल त्याच वेळी येणार आहे का. आणि आजीआजोबांसाठी किती पायऱ्या आहेत, बसायला मिळेल का. शाळेची सहल असेल तर दुसरी वेळ घ्या. चाळीस मुलांच्या मागे उभं राहून त्याला काहीच दिसणार नाही. त्याला उचलून धरावं लागणार, तेव्हा दोन मोठे आलटून-पालटून तयार असू द्यात. दिवे मंद होणार हे त्याला आदल्या दिवशीच सांगा. घरात संध्याकाळी खोलीतला दिवा मालवून, खेळण्यातली गाडी टॉर्चच्या उजेडात फिरवून दाखवा. अंधार ‘खेळातला’ आहे हे कळलं की तो घाबरत नाही.

तिथे लहान प्रतिकृती हाताळता येत नाहीत. तीन वर्षांच्या मुलाला ते समजत नाही आणि रडू येतं ते इथेच. म्हणून निघताना त्याच्या खिशात त्याची स्वतःची एक गाडी असू द्या आणि ‘ही आपली गाडी, तिला दाखवायला आणलंय’ असं सांगा. हात गुंतलेला राहतो.

घरघरीसाठी : सकाळी ११ च्या आधी घराबाहेर पडू नका, तोवर ऊन चढतं. रिक्षेने जाणार असाल तर नाकातोंडावरून मऊ सुती रुमाल सैलसर बांधा, थंड कोरडी हवा सरळ श्वासनलिकेत गेली की ती आवळते. डॉक्टरांनी पंप दिला असेल तर तो स्पेसरसकट आजीच्या पिशवीत नको, तुमच्या पिशवीत असू द्या. वाढदिवसाच्या गडबडीत आजी एका रिक्षेत आणि मूल दुसऱ्या रिक्षेत असं होतं. घरी केकवर एकच मेणबत्ती लावा आणि ती त्याला फुंकायला न लावता हाताने वारा घालून विझवा. उदबत्ती, धूप त्या दिवशी नको.

जेवणाला हॉटेलात जायचं असेल तर साडेबाराला पोचा, दीडला नव्हे. रविवारी दीड वाजता कोथरूडमधल्या कुठल्याही बऱ्या हॉटेलबाहेर पाऊण तास थांबावं लागतं आणि सकाळभर शहाण्यासारखं वागलेलं मूल तिथे हातपाय आपटतं. त्याच्यासाठी डब्यात तूप-मीठ-भात घेऊन जायला अजिबात संकोच करू नका.

प्रश्न : ठाण्याहून. मुलगी अडीच वर्षांची. तिच्या वाढदिवसाला मॉलमधल्या कृत्रिम बर्फाच्या दालनात न्यावं असं यजमान म्हणतात. योग्य होईल का?

उत्तर : अजून दोन-तीन वर्षं थांबा. अशा दालनांत तापमान शून्याच्या खाली असतं. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे अंगातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर जाते. ‘बोटं दुखतायत’ हे अडीच वर्षांचं मूल सांगू शकत नाही, ते फक्त गप्प होतं किंवा रडतं. दारावर मिळणारे कोट-बूट मोठ्या मापाचे असतात. सैल बुटात बर्फ शिरतो, मोजे भिजतात, आणि भिजलेला सुती मोजा न घातल्यापेक्षा वाईट.

पाच वर्षांची झाली की जरूर न्या, तेव्हा तिला तो बर्फ आठवणीतही राहील. त्या वेळी मोज्यांचे दोन कोरडे जोड, अंगाला घट्ट बसणारे हातमोजे आणि कानावर येणारी टोपी घरून न्या. दालनात तासाचं तिकीट असलं तरी वीस मिनिटांनी तिला बाहेर काढा, बोटं बघा. बोटाची टोकं पांढरट आणि बधिर वाटली तर सहल तिथेच थांबवा. हात आपल्या काखेत धरून गरम करा, चोळू नका, गरम पाण्यातही बुडवू नका. दम्याची प्रवृत्ती असेल तर पाच वर्षांनंतरही आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : नाशिकला एका छोट्या हॉलमध्ये ५ वर्षांच्या मुलाचा वाढदिवस ठेवलाय. डिसेंबरात संध्याकाळी गारठा असतो, म्हणून दारं-खिडक्या लावून घेणार. सजावटवाले वरती तरंगणारे फुगे आणि ‘स्नो स्प्रे’ देतो म्हणतात. काही काळजी घ्यावी का?

उत्तर : बरं झालं विचारलंत. स्नो स्प्रेला सरळ नाही म्हणा, आणि फुग्यांत हेलियमच आहे याची खात्री नसेल तर त्यांनाही.

तरंगणारा फुगा हेलियमचा असेल तर आगीचा धोका नाही. पण हेलियम महाग पडतो, म्हणून बरेच फुगेवाले हायड्रोजन भरतात. तोही तितकाच वर जातो, डोळ्यांनी फरक कळत नाही. हायड्रोजनच्या फुग्यांच्या झुबक्याजवळ मेणबत्ती, फुलबाजीसारखी केकवरची कांडी किंवा तापलेला दिवा आला की एका क्षणात भडका उडतो, आणि त्या वेळी सगळी मुलं केकभोवती डोकी जवळ करून उभी असतात. सजावटवाल्याकडे ‘सिलिंडर कोणता, पावती दाखवा’ असं मागा. उत्तर गुळमुळीत आलं तर तोंडाने किंवा हातपंपाने भरलेले साधे फुगे भिंतीला लावून घ्या. ५० फुग्यांना हातपंपाने दोघांना साधारण पाऊण तास लागतो, काही कठीण काम नाही.

स्नो स्प्रेचा फेस डब्यातून बाहेर ढकलायला ज्वालाग्राही वायू वापरलेला असतो. मेणबत्ती पेटलेली असताना कुणी उत्साहाने मुलाच्या डोक्यावर फवारा मारला, तर केस आणि कपडे पेटतात. नायलॉनचे, जाळीचे वाढदिवसाचे कपडे तर अंगाला चिकटून जळतात. डब्यावर बारीक अक्षरांत इशारा छापलेला असतो, पण पाहुण्या मामा-काकांच्या हातात डबा गेला की तो कोण वाचणार? म्हणून डबे हॉलमध्ये येऊच देऊ नका.

खिडक्यांचं म्हणाल, तर दोन समोरासमोरच्या खिडक्या वितभर उघड्या राहू द्या. तीस माणसं, मेणबत्त्या आणि बंद हॉल असला की अर्ध्या तासात हवा कोंदट होते, मुलं चिडचिडी होतात. गारठ्यासाठी कोळशाची शेगडी मात्र आत मुळीच आणू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : नागपूरहून. रमण विज्ञान केंद्रात तारांगण दाखवायचं आहे. मुलगा ४ वर्षांचा होईल. झेपेल का?

उत्तर : तारांगण ५-६ वर्षांपर्यंत थांबू द्या. पूर्ण काळोख, मोठा आवाज आणि घुमटभर फिरणारं चित्र यांनी लहान मुलांना गरगरतं, आणि खेळ सुरू झाल्यावर अंधारातून बाहेर पडणं सगळ्यांनाच त्रासाचं. केंद्रातली हाताने फिरवायची, ढकलायची, दाबायची उपकरणं मात्र चार वर्षांच्या मुलाला मनापासून आवडतात. दीड तास तिथेच घालवा. जायचंच ठरलं तर दाराजवळच्या, कडेच्या खुर्च्या धरा.

प्रश्न : मुंबईत परळहून. मुलगी ४ वर्षांची होतेय, पेंग्विन बघायचे म्हणते. राणीच्या बागेत नेऊ का?

उत्तर : जरूर. फक्त बुधवार टाळा, त्या दिवशी बाग बंद असते. पेंग्विनचं दालन बंदिस्त आणि गार ठेवलेलं आहे, पण फाटकापासून तिथवर चालत जावं लागतं. म्हणून सकाळी बाग उघडताच पोचा आणि वाटेतल्या बाकीच्या प्राण्यांपाशी न थांबता सरळ पेंग्विनकडे जा. सुट्टीच्या दिवशी अकरानंतर रांग लागते. मुलीला काचेच्या अगदी खालच्या कडेपाशी उभं करा. पाण्याखाली पोहणारे पेंग्विन तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून उत्तम दिसतात, कडेवरून तितके नाही. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवा.

‘पेंग्विन आहेत, मग बर्फ कुठेय?’ असं ती विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन. त्यांचं घर दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि चिलीच्या खडकाळ समुद्रकाठावर. तिथे समुद्र गार असतो, पण किनाऱ्यावर बर्फ नसतो. २०१६ मध्ये ते मुंबईत आले आणि पुढच्या वर्षी लोकांना बघायला मिळाले. घरी जगाचा नकाशा असेल तर आदल्या रात्री पेरूवर एक टिकली लावा आणि मुंबईवर दुसरी.